बटाटा, मेंदू आणि मधुमेह: एका एन्झाइमचा इतिहास



अजमानला येऊन मला आता चौदा वर्षं झाली. नोकरी प्रयोगशाळेतली, त्यामुळे इथल्या मराठी मंडळींचे रिपोर्ट वाचून त्यांचा अर्थ सांगणं हे माझं न नेमलेलं कामच झालंय. नुऐमियातल्या कुणाचं कोलेस्टेरॉल, राशिदियातल्या कुणाचं थायरॉइड. बहुतेक वेळा दोन मिनिटांत काम होतं. पण मधुमेहाच्या रिपोर्टात "अँटी-गॅड" अशी एक ओळ अधूनमधून येते, आणि ती आली की दोन मिनिटांत सुटका नसते. ह्या एवढ्याशा शब्दामागे शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. त्यात जिवाणू आहेत, बटाटे आहेत, उंदरांचे मेंदू आहेत, लॉब्स्टर आहेत, आणि शेवटी आपलं पुणेही आहे. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

गॅड म्हणजे ग्लुटामेट डिकार्बॉक्सिलेज. (शाळेत आपण एन्झाइमला विकर म्हणायचो. शब्द चांगला आहे, पण रिपोर्टात कुणी लिहीत नाही.) नावातच काम सांगितलंय. ग्लुटामेट ह्या अमायनो आम्लातून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू काढून टाकायचा, बस्स. उरतं ते गॅमा-अमायनोब्युटिरिक आम्ल, लाडाचं नाव गाबा. ग्लुटामेट आपल्या ओळखीचं आहे. १९०८ साली किकुनाए इकेदा ह्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून ते वेगळं केलं आणि त्याचंच मीठ पुढे अजिनोमोटो म्हणून बाजारात आलं. मेंदूत हेच ग्लुटामेट पेशींना चेतवतं. गाबाचं काम नेमकं उलटं, पेशींना आवरायचं. म्हणजे गंमत बघा, मेंदूने ब्रेकसाठी वेगळा कच्चा माल ठेवलेलाच नाही. अॅक्सिलरेटर मोडूनच ब्रेक बनवायचा, आणि तो बनवणारा कारागीर म्हणजे गॅड.

पण हे सगळं कळायला फार वेळ लागला, कारण सुरुवातीला मेंदूशी ह्याचा काही संबंध असेल अशी शंकाही कुणाला आली नव्हती. १९१० साली जर्मनीत आकरमान ह्यांनी दाखवलं की सडवणारे जिवाणू ग्लुटामिक आम्लापासून गाबा तयार करतात. म्हणजे गाबाची पहिली ओळख झाली ती सडण्यातून! १९३७ साली जपानमध्ये ओकुनुकी ह्यांना वनस्पतींमध्ये हे काम करणारं एन्झाइम सापडलं. आणि १९४० च्या दशकात केंब्रिजच्या अर्नेस्ट गेल ह्यांनी जिवाणूंमधल्या अशा "कार्बन डायऑक्साइड काढणाऱ्या" एन्झाइमांचा कसून अभ्यास केला. गेलना एक गोष्ट खटकली होती. जिवाणूंना आम्लधर्मी द्रवात वाढवलं तर ही एन्झाइमं जास्त तयार होतात. त्यांनी अंदाज केला की जिवाणू बहुतेक आजूबाजूचं आम्ल मारण्यासाठी हा उद्योग करत असावेत. हा अंदाज किती बरोबर होता ते पुढे येईलच.

इथे थोडं विषयांतर करतो, पण मराठी माणसाला करावंसं वाटेल असं आहे. गेल ज्या विभागात पीएचडी करत होते, त्याच केंब्रिजच्या जीवरसायन विभागात, सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स ह्यांच्या छत्राखाली, १९३७ ते ३९ च्या सुमारास एक मराठी मुलगी काम करत होती. कमला भागवत, म्हणजे नंतरच्या डॉ. कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. बंगलोरला सर सी. व्ही. रामन ह्यांनी "मुलगी" म्हणून प्रवेश नाकारला, तेव्हा हटून बसून तो मिळवणाऱ्या त्या ह्याच. केंब्रिजला रॉबिन हिल ह्यांच्याबरोबर काम करताना त्यांनी बटाट्यात सायटोक्रोम सी शोधलं आणि त्यातून पुढे गेलं की हे श्वसनाचं द्रव्य एकूणच वनस्पतींच्या पेशींत असतं. १९३९ मध्ये पीएचडी घेऊन त्या परत आल्या, आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत डाळी आणि नीरा ह्यांवर आयुष्य घालवलं. गॅडशी त्यांचा थेट संबंध नाही, उगाच जोडणार नाही. पण प्राण्यांच्या पेशींत जे चालतं त्याचे धागेदोरे बटाट्यात शोधायचे, ही त्या काळची पद्धत त्यांच्या कामात स्वच्छ दिसते. आणि बटाटाच पुढे ह्या कथेत येतो. १९४९ साली स्टुअर्ड, थॉम्पसन आणि डेंट ह्यांना बटाट्याच्या कंदात गाबा भरपूर प्रमाणात मोकळं फिरताना सापडलं.

लगेच पुढच्या वर्षी, १९५० मध्ये, अमेरिकेत सेंट लुईसला यूजीन रॉबर्ट्स उंदरांच्या निरनिराळ्या अवयवांतली आणि गाठींमधली अमायनो आम्लं कागदावर पसरवून बघत होते. कर्करोगाच्या शोधात होते खरं तर. मेंदूच्या अर्कात एक ठिपका असा आला की जो बाकी कुठल्याही अवयवात नीटसा दिसत नव्हता. तो ठिपका गाबाचा निघाला. त्याच वर्षी ह्यूस्टनला होर्हे अवापारा ह्यांनाही स्वतंत्रपणे हेच सापडलं. रॉबर्ट्स आणि फ्रँकेल ह्यांनी हेही दाखवलं की हे गाबा मेंदू स्वतःच ग्लुटामेटपासून बनवतो, म्हणजे गॅड मेंदूतच आहे. त्यावर फारसं कुणी उत्साहाने बोललं नाही. बटाट्यात सापडणारी वस्तू मेंदूत काय मोठं काम करणार, असाच एकंदर सूर होता.

चित्र पालटलं ते दुसऱ्या टोकाकडून. १९५३ च्या सुमारास अर्न्स्ट फ्लोरे ह्यांनी सस्तन प्राण्यांच्या मेंदूचा अर्क गोड्या पाण्यातल्या क्रेफिशच्या (आपल्या झिंग्याचा चुलतभाऊ) ताण ओळखणाऱ्या चेतापेशीवर टाकला, आणि ती पेशी चूप झाली. कुठल्या घटकामुळे हे कळेना, म्हणून त्याला नुसतं "फॅक्टर आय" नाव दिलं. १९५७ मध्ये बेझमोर, एलियट आणि फ्लोरे ह्यांनी गाईच्या मेंदूतून तो घटक शुद्ध केला तर गाबाच हातात आलं. तरीही वाद दहा वर्षं चालला. १९६६ मध्ये हार्वर्डला क्रॅव्हिट्झ आणि मंडळींनी लॉब्स्टरच्या, स्नायूला आवरणाऱ्या चेतातंतूंतून गाबा बाहेर पडताना मोजलं, १९६७ मध्ये क्र्नेविच ह्यांनी मांजराच्या मेंदूत त्याचा परिणाम दाखवला, आणि मग कुठे गाबा हा मेंदूचा मुख्य ब्रेक म्हणून मान्य झाला.

मंडळी, हे नुसतं पुस्तकी नव्हतं. ह्याच काळात अमेरिकेत तान्ह्या बाळांना अचानक झटके यायला लागले. बाळं धडधाकट, आईबाप हवालदिल. समान धागा एकच निघाला, बाजारातलं एक तयार द्रव दूध. ते निर्जंतुक करताना तापवलं जाई आणि त्यात त्यातलं बी-६ जीवनसत्त्व नष्ट होई. बी-६ दिलं की झटके थांबत. १९५४ मध्ये हे सविस्तर प्रसिद्ध झालं. कारण आता समजतं. गॅडला काम करायला बी-६ पासून बनणारा एक सहायक रेणू लागतो. तो नसेल तर गॅड नुसतं बसून राहतं, गाबा घटतं, आणि मेंदूचा अॅक्सिलरेटर मोकाट सुटतो.

आपल्याकडे ह्याच गोष्टीचा दुसरा अवतार क्षयाच्या औषधात आहे. आयसोनियाझिड १९५२ मध्ये आलं आणि लाखो लोकांना त्याने जीवदान दिलं. पण ते बी-६ च्या आड येतं. म्हणून क्षयाच्या गोळ्यांबरोबर एक लहान गोळी "ताकदीची" म्हणून दिलेली तुमच्यापैकी अनेकांनी घरात पाहिली असेल. ती ताकदीची नसून नसांच्या रक्षणाची असते. आणि कुणी आयसोनियाझिड प्रमाणाबाहेर घेतलं तर येणारे झटके नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. उतारा म्हणजे शिरेतून भरपूर बी-६. गॅडची किंमत कळायला ह्याहून ठळक उदाहरण मिळणार नाही.

आता गेल ह्यांच्या अंदाजाकडे. आपल्या जठरातलं आम्ल पीएच २ च्या आसपास असतं, त्यात बहुतेक जिवाणू मरायला हवेत. पण इ. कोलाय आणि हगवणीचा शिगेला त्यातून सुखरूप पार होतात. १९९० च्या दशकात उलगडा झाला. हे जिवाणू बाहेरून ग्लुटामेट आत घेतात, गॅडने त्याचं गाबा करतात, ह्या क्रियेत आतला एक प्रोटॉन खर्ची पडतो, आणि तयार गाबा बाहेर फेकून पुन्हा ग्लुटामेट आत. नावेत शिरलेलं पाणी डब्याने उपसत राहावं तसं. म्हणजे जे एन्झाइम आपल्याला शांत झोप देतं, तेच जिवाणूला आपल्या जठरातून पुढे पोचवतं! वनस्पतींत तिसराच प्रकार. झाडाला थंडी, मार, कीड, पाण्याचा ताण असं काही झालं की पेशीत कॅल्शियम वाढतं, आणि ते कॅल्शियम कॅल्मॉड्युलिनमार्फत गॅडचं बटण दाबतं (१९९३ मध्ये पेटुनियाच्या झाडात हे प्रथम सापडलं). एरवी गॅडच्या शेपटाकडचा भाग त्याला दाबून ठेवतो. जपानी शास्त्रज्ञांनी टोमॅटोच्या जनुकात नेमका तो शेपटाचा तुकडा कापला आणि २०२१ पासून भरपूर गाबा असलेला टोमॅटो जपानमध्ये विकायला आणला. मोड आलेल्या धान्यातही गाबा वाढतं, तेव्हा आपली मटकीची उसळ ह्या बाबतीत मागे नाही. फक्त खाल्लेलं गाबा रक्तातून मेंदूत फारसं शिरत नाही, त्यामुळे उसळ खाऊन मन शांत झालं तर श्रेय फोडणीला द्यावं.

असो. आता मूळ मुद्दा, मेंदूतलं एन्झाइम मधुमेहाच्या रिपोर्टात कसं आलं?

१९५६ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या मोर्श आणि वोल्टमन ह्यांनी चौदा रुग्णांची हकीकत लिहिली. पाठीचे, पोटाचे, पायांचे स्नायू हळूहळू लाकडासारखे ताठ होत जायचे, आणि दचकलं की माणूस ओंडक्यासारखा आडवा पडायचा. नाव दिलं "स्टिफ मॅन सिंड्रोम". (आता "पर्सन" म्हणतात, बायकांनाही होतो, किंबहुना जास्त होतो. गायिका सेलिन डिऑन हिने २०२२ मध्ये आपल्याला तो असल्याचं जाहीर केलं.) तीस वर्षं कारण कळलं नाही. १९८८ मध्ये सोलिमेना, दे कामिली आणि सहकाऱ्यांनी अशा एका रुग्णाचं रक्तद्रव मेंदूच्या कापांवर टाकून बघितलं तर गाबा बनवणाऱ्या पेशी तेवढ्या उजळल्या. म्हणजे शरीर स्वतःच्याच गॅडविरुद्ध प्रतिपिंडं तयार करत होतं. आणि ह्या रुग्णाला मधुमेहही होता.

दरम्यान डेन्मार्कला एक कोडं पडून होतं. १९८२ मध्ये बेकेस्कोव्ह ह्यांना दिसलं होतं की नुकताच मधुमेह झालेल्या मुलांच्या रक्तातली प्रतिपिंडं स्वादुपिंडातल्या एका प्रथिनाला चिकटतात. वजन सुमारे ६४ हजार डाल्टन, म्हणून नाव "६४-के". प्रथिन कुठलं, ते आठ वर्षं कुणाला सांगता येईना, कारण ते फार थोडं मिळायचं. मग दोन्ही गट एकत्र आले, नमुने शेजारी शेजारी ठेवले, आणि १९९० मध्ये 'नेचर'मध्ये उत्तर आलं. ६४-के म्हणजेच गॅड. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीही गाबा बनवतात, म्हणून त्यांच्यातही गॅड असतं. पुढच्या वर्षी कळलं की माणसाकडे ह्याची दोन वेगळी जनुकं आहेत, एक १० व्या गुणसूत्रावर (गॅड-६५) आणि एक दुसऱ्या गुणसूत्रावर (गॅड-६७). मधुमेहात भांडण असतं ते मुख्यतः ६५ शी.

मला स्वतःला ह्या सगळ्या इतिहासातला हा भाग सर्वांत आवडतो. दुर्मिळातल्या दुर्मिळ आजाराच्या एका रुग्णामुळे जगभरातल्या मुलांच्या आजाराची खूण सापडली. एक खुलासा मात्र करायला हवा. ही प्रतिपिंडं स्वतः बीटा पेशी मारत नाहीत, ते काम टी पेशींचं. प्रतिपिंडं म्हणजे धूर. आग दुसरीकडे लागलेली असते, पण धूर दिसला की धाव घेता येते.

धुराचा उपयोग किती, ते ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासाने १९९७ मध्ये दाखवलं. "टाइप २" म्हणून नोंदलेल्या साडेतीन हजारांहून जास्त रुग्णांत दहापैकी एकाला गॅडविरोधी प्रतिपिंडं निघाली, आणि २५ ते ३४ वयाच्या गटात तर शंभरात ३४ जणांना. पस्तिशीच्या आत निदान झालेल्या आणि प्रतिपिंडं असलेल्यांपैकी ८४ टक्क्यांना सहा वर्षांत इन्सुलिन लागलं. प्रतिपिंडं नसलेल्यांत हेच प्रमाण १४ टक्के. म्हणजे गोळ्यांवर काढलेली वर्षं अनेकांसाठी वायाच.

पण हे आकडे विलायतेचे. आपलं काय? इथे पुणं येतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन ह्यांचा २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेला फोटो तुम्ही कदाचित पाहिला असेल. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. पण युडकिन ह्यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! बारीक दिसणं म्हणजे आपल्याकडे काहीच सिद्ध होत नाही. गोऱ्या डॉक्टरला बारीक तरुण मधुमेही दिसला की तो टाइप १ धरून चालतो. पुण्यात तोच तरुण टाइप २ असू शकतो. पुढे पुण्याच्या वेलजेन प्रकल्पातून दिसलं की तरुण वयात टाइप २ झालेल्या आपल्या लोकांत सर्वांत मोठा गट इन्सुलिनच कमी पडणाऱ्यांचा आहे, लठ्ठपणावाल्यांचा नाही. शिवाय लहानपणीच्या कुपोषणातून होणारा मधुमेह आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने तो १९८५ मध्ये यादीत घातला, १९९९ मध्ये काढला, आणि एप्रिल २०२५ मध्ये इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशनने बँकॉकला त्याला "टाइप ५" म्हणून पुन्हा उभं केलं. त्यावरून तज्ज्ञांत वाद आहे. पुणे, हैदराबाद आणि एक्सेटरच्या लोकांनी २०२० मध्ये जनुकांवरून टाइप १ ओळखण्याची युरोपीय गुणपद्धत पुण्याच्या रुग्णांवर तपासली. ती चालली, पण तिकडच्यापेक्षा थोडी बोथट. म्हणून माझं मत असं की आपल्या लोकांत, जिथे नुसतं अंगकाठीवरून काही ठरवता येत नाही, तिथे गॅडची तपासणी तिकडच्यापेक्षा जास्त कामाची आहे. अर्थात नकारार्थी आली म्हणजे सुटलो असं नाही. आपल्याकडे टाइप १ असूनही गॅड नकारार्थी येणारे अनेक असतात, म्हणून सी-पेप्टाइड बरोबर बघावंच.

गॅडचीच लस करून शरीराला "हा आपला माणूस आहे" असं शिकवायचा प्रयत्नही झाला. १९९३ मध्ये उंदरांत जमलं, २००८ मध्ये स्वीडनच्या मुलांत आशा दिसली, २०११ मध्ये मोठ्या चाचणीत मुख्य उद्दिष्ट हुकलं. वाट वेगळ्याच औषधाने काढली. टेप्लिझुमॅब हे टी पेशींना आवरणारं औषध नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते आठ वर्षांवरच्या, अजून लक्षणं नसलेल्या पण प्रतिपिंडं असलेल्या मुलांत टाइप १ लांबवतं, चाचणीत सुमारे दोन वर्षं. त्यामुळे धूर लवकर बघण्याला अचानक अर्थ आला.

आता हे सगळं मी कशासाठी लिहिलं ते सांगतो. इथल्या औद्योगिक भागात काम करणारा आपला एक मित्र आहे, मूळचा सांगली जिल्ह्यातला, वय ३६, वजन ५८ किलो. दोन वर्षं गोळ्या वाढत गेल्या, साखर काही हलेना. घरच्यांनी मेथी, कारलं, जांभळाच्या बियांची पूड, सगळं करून झालं. "तू पथ्य पाळत नाहीस" हे बायकोपासून कंपनीतल्या मलयाळी फोरमनपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. बिचारा चपात्या मोजून खात होता. शेवटी एका डॉक्टरांनी गॅड आणि सी-पेप्टाइड लिहून दिलं. गॅड चांगलंच वर, सी-पेप्टाइड तळाला. इन्सुलिन सुरू झालं, तीन महिन्यांत माणूस पुन्हा माणसात आला. पथ्याचा दोष नव्हता, हे बायकोला समजावून सांगताना मी तिथे होतो. ती बराच वेळ काही बोलली नाही.

पण आता त्याचा प्रश्न वेगळा आहे. मुलगी नऊ वर्षांची, इथेच शाळेत. तिची तपासणी करायची का? मला जे ठाऊक आहे ते मी सांगितलं. वडिलांना टाइप १ असेल तर युरोपीय आकड्यांप्रमाणे शंभरात सहाच्या आसपास मुलांना होतो, म्हणजे ९४ ना होत नाही. त्यातही त्याला मोठेपणी झालाय, तेव्हा तो आकडा त्याच्या घरी जसाच्या तसा लागू करता येत नाही. एकच प्रतिपिंड निघालं तर दहा वर्षांत मधुमेह होण्याची शक्यता साधारण शंभरात १५, दोन किंवा जास्त निघाली तर ७०. दोन निघाली तर आजार अचानक बेशुद्धीने उघडकीला येण्याऐवजी आधी कळतो, हा मोठा फायदा. पण नकोसं उत्तर आलं तर ते घेऊन पुढची दहा वर्षं त्या घराने जगायचं आहे. त्याला तपासणी हवी आहे. तिच्या आईला नको आहे. जुलैत गावी जाणार आहेत, तेव्हा पुण्यात एखाद्या तज्ज्ञाला भेटून ठरवू म्हणतात.

तुमच्यापैकी कुणी स्वतःच्या मुलांची अशी तपासणी करून घेतली असेल, किंवा विचार करून नाही म्हटलं असेल, तर जरूर लिहा. त्या दोघांना माझ्या आकड्यांपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

आपला,
अजमानकर